रीडिंग जुळलं, पण कळलं काय?

बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा. बायो नको म्हणून मी बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. समोर एक्स्टर्नल सर, त्यांच्या हातात माझं जर्नल. कव्हर घातलेलं, मार्जिन आखलेलं, ग्राफ पेपर नीट चिकटवलेला. त्यांनी आयसी ५५५ च्या प्रयोगाचं पान उघडलं. गणिताने आलेला काळ १.०१ सेकंद, प्रत्यक्ष रीडिंग १.०२ सेकंद. सरांनी चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, ‘‘सप्लाय चालू केल्यावर पहिला ब्लिंक कसा दिसला?’’

मी म्हटलं, ‘‘सगळे सारखेच होते सर.’’

सर हसले. रागावले नाहीत. ‘‘बरं, या कपॅसिटरचा टॉलरन्स किती असतो?’’ मी गप्प. त्यांनी सही केली, जर्नल मिटलं, आणि ‘नेक्स्ट’ म्हणाले. मार्क? चांगले पडले. तिथेच तर गोची आहे.

त्या दोन प्रश्नांचा अर्थ मला लागला तो बऱ्याच वर्षांनी. पहिला ब्लिंक सारखा नसतोच, तो नंतरच्यांपेक्षा मोठा असतो, डोळ्यांना सहज दिसेल इतका. आणि साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर लिहिलेली किंमत वीस टक्के इकडे-तिकडे असू शकते. अशा कपॅसिटरवर गणिताच्या एक टक्का जवळ जाणारं रीडिंग नशिबाने येऊ शकतं, पण सगळ्या बॅचच्या जर्नलमध्ये तेच नशीब उजाडत नाही. सरांना पान उघडताक्षणी कळलं होतं, मुलीने प्रयोग केलेला नाही. रीडिंग छापलंय.

खरंच छापलं होतं. आमच्या वीस जणांच्या बॅचला चालू स्थितीतले चार बोर्ड आणि एक सीआरओ. बोर्डवर सर्किट आधीच जोडलेलं, आपण फक्त चार वायरी खोचायच्या. पुढे उभे असलेले दोघं वायरी खोचणार, मागचे बाकीचे जण टेबलावर जर्नल ठेवून ‘अरे, काय आलं?’ विचारणार. तेवढ्यात तास संपायचा. मग सीनियरचं जर्नल यायचं, आकडे उतरवले जायचे, आणि संशय येऊ नये म्हणून प्रत्येक जण शेवटचा दशांश आपापल्या मर्जीने बदलायचा. हे वाचताना तुमच्या चेहऱ्यावर जे ओळखीचं हसू आलंय ना, त्यासाठीच आज लिहितेय.

आता कोणी म्हणेल, मास कॉमवाल्या मुलीने आम्हाला इलेक्ट्रॉनिक्सवर लेक्चर द्यावं? लेक्चर नाही देत. पण बारावीनंतर ‘हे आपल्याला जमण्यासारखं नाही’ असं ठरवून मी ती वाट सोडली, आणि नंतर लक्षात आलं की न जमायला मी ते कधी केलंच नव्हतं. पत्रकारिता मला आवडते, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक निर्णय मी खोट्या आकड्यांवर घेतला, आणि ते आकडे माझ्याच अक्षरात होते. तुमच्यापैकी कोणी आज ईएनटीसीच्या दुसऱ्या वर्षाला, बीएस्सीला किंवा डिप्लोमाला बसून हेच करत असेल, तर थोडं थांबा.

त्या ५५५ कडेच पुन्हा जाऊ, कारण इलेक्ट्रॉनिक्सचा पाया शिकायला याच्याइतका स्वस्त मास्तर मिळणार नाही. हान्स कामेनझिंड नावाच्या इंजिनिअरने १९७१ मध्ये तो डिझाइन केला, पुढच्या वर्षी तो बाजारात आला, आणि आजही बनतोय. आठ पायांचा काळा किडा. आत काय आहे? एकसारखे तीन रोधक ओळीने बसवलेत. ते सप्लायचे तीन समान वाटे करतात. नऊ व्होल्टची बॅटरी लावली तर तीन व्होल्ट आणि सहा व्होल्ट अशा दोन खुणा तयार होतात. बाहेर आपण जोडलेला कपॅसिटर हळूहळू भरत जातो. त्याचा व्होल्टेज सहाला टेकला की आतला एक कम्पॅरेटर ओरडतो, ‘भरलं!’ फ्लिप-फ्लॉप उलटतो, आउटपुट बंद होतं आणि कपॅसिटर रिकामा व्हायला लागतो. तो तीनवर उतरला की दुसरा कम्पॅरेटर ओरडतो, ‘संपत आलं!’ फ्लिप-फ्लॉप पुन्हा उलटतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत दोन फ्लोट असतात, एक पंप बंद करणारा आणि एक चालू करणारा, तसंच हे.

आता पहिल्या ब्लिंकचं कोडं सोडवा बघू. चालू करताना कपॅसिटर पूर्ण रिकामा असतो, म्हणजे शून्यावर. पहिल्या वेळी त्याला शून्यापासून सहापर्यंत जायचंय, नंतर प्रत्येक वेळी फक्त तीनपासून सहापर्यंत. म्हणून पहिला ब्लिंक लांबतो. ‘पुस्तकात दिलंय का?’ हा प्रश्न इथे गैरलागू आहे. बॅटरी जोडा आणि डोळे उघडे ठेवा, दिसतं. सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर फक्त बघणाऱ्यालाच देता येतं.

आणि एक गंमत लक्षात आली का? कपॅसिटरचं हळूहळू भरणं म्हणजे अ‍ॅनालॉग. तिथे तीन आणि सहाच्या मधला प्रत्येक आकडा येऊन जातो. फ्लिप-फ्लॉपचं उलटणं म्हणजे डिजिटल. तिथे हो किंवा नाही, अधलंमधलं काही नाही. आणि कम्पॅरेटर हा दोघांच्या मधला दुभाषा. आपल्याकडे मात्र अ‍ॅनालॉगचा पेपर वेगळा, डिजिटलचा वेगळा, दोन्हीचे सर वेगळे, कधी कधी सेमिस्टरही वेगळी. मग मुलांची समजूत होते की अ‍ॅनालॉग म्हणजे आजोबांच्या रेडिओचं काहीतरी, आणि डिजिटल म्हणजे आपलं, मोबाइलचं, आजचं.

‘आम्हाला कोडिंगच करायचंय, ट्रान्झिस्टरचं बायसिंग कशाला?’ हे वाक्य मी या महिन्यात वेगवेगळ्या कॉलेजांच्या कट्ट्यांवर इतक्या वेळा ऐकलं की आता पाठ झालंय. प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आहे. तिथला वजनकाटा बघा. लाल आकडे दिसतात म्हणून आपण त्याला डिजिटल म्हणतो. पण ताटलीखाली धातूचा एक तुकडा असतो, लोड सेल. साखर ठेवली की तो केसभर वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांचा रोध किंचित बदलतो, आणि त्यातून काही मिलिव्होल्ट बाहेर येतात. ते वाढवायचे, त्यातली खरखर गाळायची, मग त्याचे आकडे करायचे. लाल आकडे हा या सगळ्या प्रवासाचा शेवटचा थांबा. त्याआधीचं सगळं अ‍ॅनालॉग. दुकानदाराने पंखा लावला की शेवटचा आकडा नाचतो, ते कोडमुळे नव्हे. हवेचा झोतही ताटलीला दाबतो, म्हणून.

किंवा दुसरं उदाहरण, तुमच्याच प्रोजेक्टमधलं. आर्डुइनो उनोला एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर जोडलाय. प्रत्येक डिग्रीला तो दहा मिलिव्होल्ट देतो. उनोचा एडीसी दहा बिटचा, म्हणजे पाच व्होल्टच्या १,०२४ पायऱ्या, म्हणजे एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. बसल्या बसल्या भागाकार करा: एक पायरी म्हणजे जवळजवळ अर्धी डिग्री. त्यामुळे स्क्रीनवर ३०.३ दिसतं आणि मग एकदम ३०.८. मधलं ३०.५ कधी येतच नाही! तरी रिपोर्टमध्ये आपण बिनधास्त लिहितो, ‘अचूकता ०.१ डिग्री’. कोड बरोबर आहे, वायरिंग बरोबर आहे, फक्त दावा खोटा आहे. आणि तो खोटा आहे हे आपल्याला माहीतही नाही, हे जास्त वाईट.

डिजिटलवाल्यांनो, तुमच्या शून्य आणि एकलाही पाय आहेत, आणि ते अ‍ॅनालॉगच्या चिखलात रुतलेत. टीटीएलच्या ७४०० मालिकेत इनपुटला ०.८ व्होल्टच्या खाली शून्य मानतात, २ व्होल्टच्या वर एक. मधल्या पट्ट्यात काय? तिथे आयसी कोणालाच शब्द देत नाही. ट्रूथ टेबलमध्ये हा पट्टा नसतो, ब्रेडबोर्डवर असतो. सीमॉस गेटचा एखादा इनपुट मोकळा सोडून बघा, नुसता हात जवळ नेला तरी आउटपुटचा एलईडी लुकलुकायला लागतो. साधं पुश बटण काउंटरला जोडा आणि एकदाच दाबा, आकडा तीन-चारने पुढे उडी मारतो. कारण आतली पट्टी टेकताना काही मिलिसेकंद थडथडते, आणि काउंटर बिचारा प्रत्येक थडथड प्रामाणिकपणे मोजतो. याला बाउन्स म्हणतात. त्यावर उपाय म्हणून कोणी कोडमध्ये डिले टाकतं, कोणी रोधक आणि कपॅसिटर लावतं. दुसरा उपाय सुचायला पहिल्या सेमचं आरसी सर्किट आठवावं लागतं.

कट्ट्यावर टाकायला एक माहिती. बूलचं बीजगणित आणि स्विचचं सर्किट ही एकच गोष्ट आहे, हे दाखवणारा मास्टर्सचा प्रबंध क्लॉड शॅननने १९३७ मध्ये एमआयटीत लिहिला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता, म्हणजे माझ्यापेक्षा एकाने लहान. त्याच्यासमोर तिथल्या एका अवाढव्य गणनयंत्राचे रिले होते, प्रत्यक्ष खटखट करणारे. तर्कशास्त्राचा वर्ग त्याने केला होता, पण दोन्हींची गाठ पडली ती त्या खटखटीजवळ उभं राहिल्यावर.

आता कॉलेजांकडे वळू, कारण सगळा दोष मुलांच्या माथी मारणं सोपं आहे आणि खोटंही. रीडिंग छापायला आपल्याला कोण शिकवतं? ‘रीडिंग जुळत नाही, परत करा’ असा लाल शेरा. परत करायला ना वेळ असतो ना रिकामा बोर्ड, त्यामुळे ‘परत करा’चा व्यवहारातला अर्थ होतो ‘परत लिहा’. दोन आठवड्यांत हुशार मुलाला कळतं की खरं रीडिंग आणलं तर जर्नल परत येतं, खोटं आणलं तर सही मिळते. लॅबचे पंचवीस मार्क मिळतात ते उत्तर जुळण्याचे. न जुळलेलं उत्तर समोर ठेवून ‘का जुळलं नाही?’ यावर अर्धं पान लिहिणाऱ्याला एकही मार्क नाही, आणि माझ्या मते खरे मार्क त्याच अर्ध्या पानाला असायला हवेत.

दुसरी गोष्ट भीतीची. आमच्या लॅबच्या दारावर पाटी होती: सामान जळाल्यास भरपाई विद्यार्थ्याकडून. समजू शकते, सीआरओ महाग आहे. पण तोच नियम दोन-चार रुपयांच्या एलईडीला? एकदा मल्टिमीटरचा नॉब मिलिअँपिअरवर असताना मी प्रोब थेट सप्लायच्या दोन टोकांना लावले. फ्यूज उडाला. पूर्ण बॅचसमोर बोलणी खाल्ली आणि त्यानंतर वर्षभर मीटरला हात लावला नाही. खरं तर करंट मोजताना मीटर सर्किटच्या मधोमध का घालायचा आणि दोन टोकांना का लावायचा नाही, हे त्या उडालेल्या फ्यूजइतकं नीट मला कोणीच सांगितलं नव्हतं. तेव्हा कोणी दोन मिनिटं बसून ‘बघ, आत्ता काय झालं’ म्हटलं असतं तर! आमचे लॅब असिस्टंट काका तसं सांगायचे, पण प्रॅक्टिकल संपल्यावर, सरांच्या नकळत.

म्हणून प्रत्येक बॅचला जळण्यासाठी म्हणून एक डबा ठेवा: रोधक, एलईडी, दोन-चार ५५५. वर्षाच्या शेवटी तो डबा रिकामा झालेला नसेल तर लॅब चालली नाही असं समजा. आधीच जोडलेले बोर्ड निदान पहिल्या वर्षी तरी कपाटात राहू देत. आणि व्हायवाला व्याख्या विचारण्याऐवजी एक बिघडवलेलं सर्किट समोर ठेवा, त्यातला दोष शोधायला दहा मिनिटं द्या. छापणारा आणि करणारा तिथेच वेगळे होतील. एवढं करायला नवी इमारत लागत नाही.

आपण मात्र कॉलेज सुधारायची वाट बघत बसू नये. पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर ग्रँट रोड स्टेशनबाहेरचा लॅमिंग्टन रोड. गावात असाल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एखादं दुकान अजून तग धरून असेल, तिथल्या माणसाशी मैत्री करा. तो चहाबरोबर जे शिकवेल ते कुठल्याच गाइडमध्ये नाही. एक ब्रेडबोर्ड, एक स्वस्तातला पिवळा मल्टिमीटर, नऊ व्होल्टची बॅटरी, एक ५५५, दहा किलोओहम आणि ६८ किलोओहमचे रोधक, दहा मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, एक एलईडी आणि त्याच्याबरोबर ४७० ओहम. एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा आणि पॉपकॉर्नपेक्षा फार जास्त जात नाहीत. (रोधक न लावता एलईडी थेट बॅटरीला जोडायचा मोह होईल. एकदा जोडाच. पण एकच एलईडी घेऊन जाऊ नका.) घरातल्या प्लगमधल्या विजेला मात्र अजिबात हात लावायचा नाही, जे काही करायचं ते बॅटरीवर.

सिम्युलेटर? जरूर वापरा. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम फुकट आहे, केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज आहेत, एनपीटीईएलची व्याख्यानं आहेत. रात्री अकराला डोक्यात शंका आली तर तिथे लगेच तपासता येते. पण सिम्युलेटरमध्ये वायर सैल होत नाही, बॅटरी उतरत नाही, कपॅसिटर सांगितल्याबरहुकूम वागतो. तो तुमच्या जर्नलसारखाच आहे, सगळं जुळतं. त्यामुळे आधी सिम्युलेटर, मग ब्रेडबोर्ड, आणि दोन्हींत पडलेला फरक वहीत, असा क्रम ठेवा. फरकाचा आकडा आधी लिहा. कारण शोधायला रात्र पडलीय.

नोकरीचं म्हणाल, तर डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटी रुपयांचा सेमिकंडक्टर कार्यक्रम मंजूर केला, साणंद आणि धोलेऱ्यात कारखान्यांची कामं निघाली, आणि तेव्हापासून प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘चिप’ हा शब्द झळकायला लागलाय. चांगलंच आहे. फक्त तिथल्या टेस्टिंगच्या टेबलावर सीनियरचं जर्नल मिळणार नाही, एवढं ध्यानात असू द्या. चिप पास की फेल हे रीडिंगवरून ठरतं, आणि तिथे जमवलेला आकडा कुणाच्या तरी गाडीत, नाहीतर हॉस्पिटलमधल्या मॉनिटरमध्ये जाऊन बसतो.

हे लिहायच्या आधी मी स्वतः तेच सर्किट जोडलं, बारावीनंतर पहिल्यांदाच. दोन तास पेटलं नाही. आधी वाटलं आयसी गेला. मग वाटलं मीच कामातून गेले. शेवटी सापडलं: चार नंबरची पिन, रिसेट, मोकळीच सोडली होती. जर्नलमधल्या आकृतीत ती सप्लायला जोडलेली स्पष्ट दिसते, आणि ती आकृती मी पट्टीने काढलेली आहे. पिन जोडली, बॅटरी लावली, आणि पहिला ब्लिंक आला. लांब, खरंच लांब! नंतरचे त्याहून छोटे, एकसारखे. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘छान आहे, पण याचं होतं काय?’’

मग मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वीस ब्लिंक मोजून वीसने भागलं. काळ आला १.१६ सेकंद. कपॅसिटर बदलला, त्याच छापाचा, त्याच दुकानातला: ०.९४. तिसरा जुन्या रेडिओतून काढलेला, त्यावरही दहा मायक्रोफॅरॅडच लिहिलंय: तब्बल १.४. वीस टक्क्यांच्या हिशेबात तो बसत नाही. वय झाल्यामुळे तो आतून गळत असावा आणि म्हणून भरायला जास्त वेळ घेत असावा, असा माझा संशय आहे. रविवारी त्याला नुसता चार्ज करून बाजूला ठेवणार आहे आणि व्होल्टेज किती वेगाने उतरतो ते दर मिनिटाला लिहिणार आहे. बारावीचं ते जर्नल माळ्यावर सापडलं. त्याच पानावर, १.०२ च्या खाली जागा आहे.